हरलेल्या पोराला एकटे घरी जाऊ देऊ नये

ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नाही, कारण तिच्यात चूक माझी आहे.

साधारण पंधरा वर्षे झाली असतील. शालेय बॉक्सिंगच्या विभागीय स्पर्धा अमरावतीला होत्या. आमचे क्रीडाशिक्षक आजारी पडले, म्हणून अकोल्याहून मुलाला घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. बॉक्सिंगमधले मला घंटा वाजते एवढेच कळायचे. मुलगा दहावीतला. वडिलांचे पंक्चरचे दुकान. जिल्ह्यात पहिला आला तेव्हा मोहल्ल्यात त्याचा बॅनर लागला होता, त्यावर त्याच्यापेक्षा मोठे फोटो इतरांचेच होते. नवे बूट घेण्यासाठी वडिलांनी कोणाकडून तरी पैसे उसने घेतले होते. हे मला नंतर कळले.

पहिल्याच लढतीत तो हरला. दुसऱ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. तो खाली उतरला, हातमोजे काढले, माझ्याकडे पाहिले आणि काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही. माझी बहीण अमरावतीला असते, रात्री तिच्याकडे मुक्काम करायचे माझ्या मनात होते. मी त्याला बडनेऱ्याला नेले, तिकीट काढून दिले, भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसवले आणि परत आलो. अकोला काही लांब नाही, पोरगा मोठा आहे, जाईल, असा माझा हिशेब.

सोमवारी वर्गात चाळीस मुलांसमोर मी त्याला म्हणालो, ‘चला, झालं ना? आता तरी अभ्यासाला लाग. दहावी आहे.’

माझ्या मते मी त्याच्या भल्याचेच बोललो होतो. त्याने पुन्हा हातमोजे घातले नाहीत. दहावी कसाबसा पास झाला आणि वडिलांच्या दुकानात बसू लागला.

दहा वर्षांनी त्याच्याच दुकानासमोर माझ्या गाडीचे चाक बसले. आता त्याचे स्वतःचे दुकान होते, हायवेला लागून. चहा मागवला, ओळख काढली. बोलता बोलता म्हणाला, ‘सर, त्या दिवशी बडनेऱ्याहून निघालो ना, तर मी डब्याच्या दारातच उभा होतो. बसावंसंच वाटेना. घरी काय सांगायचं ते सुचेना. मूर्तिजापूरच्या अलीकडं एका काकांनी हाताला धरून आत ओढलं. म्हणे, इथं बस अन् हा चिवडा खा. माझं नाव गाव काही विचारलं नाही त्यांनी. अकोल्यापर्यंत नुसते खाऊ घालत राहिले.’

तो हसत सांगत होता. मला चहा गिळता येईना.

इतिहास वाचायची मला जुनी खोड आहे. त्या दिवसापासून खेळाचा इतिहास मी एकाच प्रश्नासाठी वाचत आलो. जिंकलेल्यांचे काय झाले ते सगळीकडे लिहिलेले असते. हरलेल्याचे त्या संध्याकाळी काय झाले? त्याच्यासोबत कोण होते?

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण माझा धंदा तोच आहे. महाराष्ट्रात कुस्तीच्या आखाड्याला ‘तालीम’ म्हणतात. हा अरबी शब्द. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. माझ्या शाळेच्या कागदांवर तालीम म्हणजे गणित आणि भूगोल. कोल्हापूर-सांगलीच्या पोराला विचारा, तो म्हणेल तालीम म्हणजे लाल माती, जोर आणि बैठका. तिथला ‘वस्ताद’ म्हणजे आमचा उस्ताद. वस्तादाच्या हाताखाली पोरांना शिकवणाऱ्याला काही तालमींत आजही ‘खलिफा’ म्हणतात. हे शब्द कोणी लादले नाहीत. ते मातीत मिसळले, कारण त्या मातीत दोन्हीकडची पोरे एकमेकांच्या अंगाला माती लावून उतरत होती. ज्यांनी आखाड्याला ‘तालीम’ हे नाव दिले, त्यांच्या मनात शाळा आणि आखाडा असा भेद नसावा. शरीराचे शिक्षण आणि मनाचे शिक्षण त्यांनी एकाच नावाखाली ठेवले. आपण ते वेगळे केले. मन वर्गात राहिले, शरीर मैदानावर गेले, आणि हरलेला पोरगा दोन्हींच्या मध्ये सापडला.

माझे नाना अचलपूरचे. तरुणपणी ते तिथल्या एका तालमीत जायचे. मोठे पहिलवान नव्हते, जत्रेतल्या लहान कुस्त्या खेळलेले. त्यांच्या वस्तादाचा एक नियम ते मला सांगायचे. कुस्ती हरलेल्या पोराला वस्ताद एकटे घरी जाऊ देत नसे. जिंकलेला कोणाच्याही खांद्यावर बसून जाईल, त्याची काळजी नाही. हरलेल्यासोबत मात्र दोन जण जायचे, त्याला घरी पोहोचवायचे, तो जेवायला बसेपर्यंत ओट्यावर थांबायचे. नानांच्या भाषेत, ‘हार्‍या तो हार्‍या, पर अकेला नै जाने देने का. और उस रात कुश्ती की बात नै करने की.’ दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र त्याला सगळ्यांच्या आधी आखाड्यात बोलवायचे आणि माती खणायला लावायचे. शिक्षा म्हणून नव्हे. माती अजून तुझीच आहे, हे त्याच्या हातांना कळावे म्हणून.

लहानपणी मला ही जुन्या माणसाची गप्पा वाटायची. बी.एड. करूनही मला जे कळले नव्हते, ते त्या वस्तादाला कळले होते.

अमरावतीत वाढलेल्या माणसाला खेळाच्या इतिहासासाठी लांब जावे लागत नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आमच्या शहरात आहे. अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये ते सुरू केले. हुतात्मा राजगुरू इथे व्यायामाचे शिक्षण घेऊन गेले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. कबड्डीच्या इतिहासात ते वर्ष आजही नोंदले जाते. लहानपणी त्या मैदानाच्या कडेने जाताना मला त्या पोरांचा हेवा वाटायचा. आता एक वेगळी गोष्ट जाणवते. अमरावतीच्या खेळाडूंचा तो सर्वांत गाजलेला प्रवास स्पर्धेचा नव्हता. ते प्रात्यक्षिक होते. तिथे हरण्याची सोयच नव्हती. आपला खेळ जगाला दाखवायचा आणि अभिमानाने परत यायचे. पदकाच्या यादीत नाव न येताही इतकी वर्षे आठवण राहते, हे त्यातून दिसते. पण हार आणि पोरगा समोरासमोर आल्यावर काय करायचे, ते मात्र त्यातून कळत नाही.

याच मंडळाने मल्लखांब जपला. त्याच्या जन्माची कथा अशी सांगतात, की दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आले आणि त्यांनी आव्हान दिले. बाळंभटदादा देवधरांनी लाकडी खांबावर सराव केला आणि अलीला हरवले. पुढे तोच सराव मल्लखांब झाला. देवधरांचे नाव प्रत्येक मल्लखांबपटूच्या तोंडी असते, ते योग्यच आहे. पण ही कथा वर्गात सांगताना एका मुलाने मला विचारले, ‘सर, अली फिर कहाँ गया?’ मी निरुत्तर झालो. हरलेल्याचे नाव दोनशे वर्षे टिकले, पण परतीच्या वाटेवर त्याच्याबरोबर कोण होते, हे कथा सांगत नाही. ती देवधरांच्या विजयाशी थांबते.

जिथे इतिहास थांबत नाही असे एक उदाहरण मात्र आपल्याकडे आहे, आणि ते एका कॉलेजच्या विद्यार्थ्याचे आहे. खाशाबा जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, कऱ्हाडजवळचे गोळेश्वर. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत वाढलेल्या या पोराला गादीवरच्या कुस्तीची सवय नव्हती. नियमही वेगळे. तरी फ्लायवेट गटात सहावे आले. सहावा क्रमांक म्हणजे पदक नाही. त्या काळात परदेशी जाऊन रिकाम्या हाताने परतणे म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. राजघराण्याने मदत केलेली, कॉलेजचे नाव सोबत, गावाचे डोळे लागलेले.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे होते. खर्चाला पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. गावानेही हातभार लावला. एका प्राचार्याने आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणे, आणि तेही आधी पदकावाचून परत आलेल्या विद्यार्थ्यासाठी! मी शिक्षक आहे, त्यामुळे या गोष्टीपुढे मी दर वेळी थबकतो. ‘आता तरी अभ्यासाला लाग’ असे म्हणणे खर्डेकरांना किती सोपे होते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबा एकामागून एक कुस्त्या जिंकत गेले. मग जपानच्या शोहाची इशीशी गाठ पडली. दमवणारी, लांबलेली कुस्ती, आणि खाशाबा हरले. इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. त्या कुस्तीनंतर लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढण्यासाठी खाशाबांना बोलावणे आले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला त्यांच्या बाजूने एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेला पहिलवान पुन्हा गादीवर उतरला आणि हरला. हाती आले कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

शाळेत आपण हा धडा पदकापाशी संपवतो. मला त्या दोन कुस्त्यांमधली काही मिनिटे दिसतात. अंगात दम नाही, भाषा परकी, आजूबाजूला आपले कोणी नाही, आणि नियमाने मिळायची ती विश्रांतीसुद्धा मागून देणारे कोणी नाही. मानसिक बळ, कणखरपणा वगैरे शब्द आपण फार वापरतो. खाशाबांकडे कणखरपणा कमी नव्हता. त्या क्षणी कमी होता तो एक माणूस.

आणि परत आल्यावर? कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवून पैसे उभे केले आणि खर्डेकरांचे घर सोडवले. पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. आता महाराष्ट्र त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. गावाने आणि प्राचार्याने त्यांना कधी एकटे पाडले नाही. एकटे पाडले ते व्यवस्थेने, आधी हेलसिंकीत आणि नंतर बरीच वर्षे.

बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात आम्हाला यर्क्स आणि डॉडसन यांचा १९०८ चा प्रयोग होता. त्यांनी उंदरांवर प्रयोग केले आणि दाखवले की थोडा ताण असेल तर शिकणे सुधारते, पण काम अवघड असेल आणि ताण एका मर्यादेपलीकडे गेला, तर तेच शिकणे बिघडते. परीक्षेत मी त्याचा उलट्या वाटीसारखा आलेख काढून गुण मिळवले. पण माझ्यासमोर तसाच एक मुलगा बसला होता तेव्हा तो आलेख मला आठवला नाही.

आमच्या पोरांवर ताण कशाकशाचा असतो, हे मी आता मोजतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी आहे आणि प्रत्येक पायरीवर एका हारीने वर्ष संपते. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील असे गट असतात, त्यामुळे वय सरते तशी संधी सरते. बॉक्सिंग आणि कुस्तीत वजनाचा काटा असतो. पोरे आदल्या दिवशी पाणीसुद्धा कमी पितात. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात, म्हणून घरचे खेळाकडे गुणांच्या हिशेबानेच पाहू लागतात. बूट, किट, प्रवास यांसाठी घेतलेले उसने पैसे असतात. आणि आमच्या मोहल्ल्यात आणखी एक ओझे असते. पोरगा रिंगणात उतरतो तेव्हा त्याच्या खांद्यावर ‘कौम का नाम’ ठेवले जाते. सोळा वर्षांच्या खांद्यावर! हरला तर तो एकटाच हरत नाही, सगळ्यांना हरवून घरी येतो, असे त्याला वाटते.

मुलींचे तर त्याहून अवघड. मुलगा हरला तर घरचे म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. मुलगी हरली तर काही घरांत एका वाक्यात विषय संपतो: ‘बस हुआ अब.’ घरच्यांची परवानगी जिंकण्यावर टिकलेली असते. धावपट्टीवर ती इतर सात जणींशी धावत असते आणि त्याच वेळी आपल्या पुढच्या वर्षासाठीही धावत असते. हा ताण कुठल्या प्रशिक्षकाच्या वहीत नोंदलेला नसतो.

मग टिकून राहतात ते कसे? आपल्या विदर्भातलीच उदाहरणे घेऊ. अकोला-अमरावतीची क्रिकेट खेळणारी पोरे विदर्भाच्याच संघाचे स्वप्न पाहतात, म्हणून तो संघ आम्हाला घरचा. २०१७-१८ च्या मोसमात विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी इंजिनिअरिंग शिकलेला. अकोल्याचा आदित्य ठाकरे अवघा एकोणीस वर्षांचा, आणि प्रथम श्रेणीतला त्याचा पहिलाच सामना म्हणजे रणजीची अंतिम लढत. पहिल्या दिवशीच्या त्या पोराच्या पोटातला गोळा मला इथे अकोल्यात बसून जाणवत होता.

त्या संघातल्या दोन नावांकडे मी माझ्या विद्यार्थ्यांचे लक्ष नेहमी वेधतो. पहिला वसीम जाफर. मुंबईतल्या बसचालकाचा मुलगा, अंजुमन-ए-इस्लाम शाळेचा विद्यार्थी. पंधराव्या वर्षी शालेय क्रिकेटमध्ये नाबाद ४००. अठराव्या वर्षी, आपल्या दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात, नाबाद ३१४. शाळकरी वयात एवढे केल्यावर लोक त्या मुलाकडून काय काय अपेक्षा करू लागले असतील! २००० मध्ये मुंबईत पहिली कसोटी मिळाली आणि दोन्ही डावांत दहाचा आकडाही गाठता आला नाही. संघाबाहेर. मग पुन्हा आत, पुन्हा बाहेर. पहिले कसोटी शतक आले ते २००६ मध्ये, आपल्या नागपुरात. २०१५ मध्ये तोच माणूस विदर्भाकडून खेळायला आला. अंतिम सामन्यात ७८ धावा केल्या आणि विजयी चौकारही त्याच्याच बॅटमधून गेला. चाळीस वर्षे पूर्ण होत आली होती.

दुसरा कर्णधार फैज फजल, नागपूरचा. १५ जून २०१६ ला हरारेत भारताकडून एकदिवसीय सामना खेळला. नाबाद ५५. भारत दहा गडी राखून जिंकला. त्यानंतर त्याला भारतीय संघात पुन्हा संधी मिळाली नाही. एकही नाही. हरल्यावर दार बंद होणे आपण समजू शकतो. पण आपले काम चोख करूनही दार बंद झाले तर? तो विदर्भाकडे परतला. पुढच्याच वर्षी त्या मोसमात ९१२ धावा केल्या आणि कर्णधार म्हणून करंडक उचलला. त्यानंतरच्या वर्षी पुन्हा.

‘केवढी जिद्द!’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी मुलांना विचारतो, परतला म्हणजे कुठे परतला? परतायला एक जागा होती. एक संघ होता, जिथे भारतीय संघातून बाहेर पडलेल्या माणसाला कोणी ‘आता काय उपयोग’ असे म्हटले नाही. उलट त्याला कर्णधार केले. जाफरचेही तसेच. त्यांची जिद्द त्यांचीच होती, पण ती ठेवायला घर मिळाले.

माझे म्हणणे एवढेच आहे. हौसला ही पोराच्या छातीत जन्मतःच भरलेली वस्तू नाही. आपण तिला तशी मानतो, म्हणून हरलेल्याला सांगतो, ‘हौसला रख’, आणि निघून जातो. जणू त्याच्याकडे ती असलीच पाहिजे आणि नसेल तर दोष त्याचा. जितकी उदाहरणे मी वाचली, त्यांत हौसला पोराच्या आणि त्याच्या माणसांच्या मध्ये कुठेतरी तयार झालेला दिसतो. खर्डेकरांच्या घराच्या गहाणखतात, वस्तादाने सोबत पाठवलेल्या दोन पोरांत, पॅसेंजरमधल्या चिवड्यात.

जिंकलेलाही एकटा पडू शकतो. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला नेमबाजीत सुवर्ण जिंकले, भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. त्यानंतर आलेल्या रितेपणाबद्दल आणि नैराश्याबद्दल तो स्वतः उघडपणे बोलला आहे. आयुष्यभर एका दिवसासाठी जगायचे, तो दिवस येऊन जायचा, आणि दुसऱ्या सकाळी उठायचे कशासाठी? ज्याच्या गळ्यात सुवर्ण आहे त्याला हा प्रश्न पडतो, तर विभागीय स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद झालेल्या पोराला पडणारच. आणि पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचूनही शंभर ग्रॅम वजनासाठी अपात्र ठरली. पदकाविना परतली, तेव्हा दिल्लीच्या विमानतळापासून तिच्या गावापर्यंत लोक वाटेत उभे होते. कऱ्हाडच्या बैलगाड्या पदकासाठी निघाल्या होत्या. या मिरवणुकीला पदक लागले नाही. आपण थोडे शिकलो आहोत, असे मला तेव्हा वाटले.

आमच्या हदीसच्या ग्रंथांत शर्यतीत हरण्याचा एक प्रसंग येतो. पैगंबर साहेबांची अदबा नावाची सांडणी होती, तिला कोणी मागे टाकत नसे. एकदा एक खेडूत अरब आपल्या तरुण उंटावर आला आणि तिच्या पुढे गेला. सहाबांना फार वाईट वाटले. त्यांचे चेहरे पाहून पैगंबरांनी समजावले की या दुनियेत जे वर चढते ते अल्लाह कधी ना कधी खाली आणतोच. त्यांनी खेडूताला दोष दिला नाही, सांडणीला दिला नाही, आणि वाईट वाटणाऱ्यांना रागावलेही नाहीत. हार हा जगाच्या चालीचा भाग आहे, एवढेच सांगितले. मी हा प्रसंग कितीतरी वेळा वर्गात शिकवला आहे. त्या सोमवारी मात्र तो माझ्या जिभेवर आला नाही.

आता आम्ही काही साध्या गोष्टी करतो. यात माझे शहाणपण नाही, नानांच्या वस्तादाचेच नियम आहेत. स्पर्धेला गेलेला मुलगा किंवा मुलगी एकटी परत येत नाही. सोबत गेलेला शिक्षक घराच्या दारापर्यंत येतो. पहिला प्रश्न ‘जेवलास का?’ हाच. त्या रात्री खेळाबद्दल बोलायचे नाही, घरच्यांनाही तसे सांगून ठेवायचे. दोन दिवसांनी बसून बोलायचे: काय चुकले, काय जमले, पुढे खेळायचे का. नाही म्हणाला तरी चालेल, पण ते त्याने शांतपणे म्हणावे, शरमेने नव्हे. वर्गात सगळ्यांसमोर हारीचा विषय काढायचा नाही. आणि पोरगा आठ-पंधरा दिवस जेवत नसेल, झोपत नसेल, ‘माझा काय उपयोग’ असे बोलत असेल, तर ‘हौसला रख’ म्हणून थांबायचे नाही. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर कोणीही मोफत बोलू शकतो. डॉक्टरकडे नेण्यात लाज नाही. पाय मुरगळला तर आपण नेतोच ना?

माझ्या त्या विद्यार्थ्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘जाऊ द्या सर, तुम्हाला तरी काय माहीत होतं.’ त्याचा धाकटा मुलगा आता अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगणावर बॉक्सिंग शिकायला जातो. बाप रोज संध्याकाळी दुकान बंद करून त्याला आणायला जातो. मुलगा म्हणतो मी एकटा येईन, मला रस्ता माहीत आहे. बाप ऐकत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमची एक मुलगी आठशे मीटरला अमरावतीला धावली. पाचवी आली. परतताना मी तिच्यासोबत एसटीत होतो. तिने डब्यातली पोळी खाल्ली, खिडकीला डोके टेकवले आणि झोपली. मूर्तिजापूर स्टँडवर गाडी थांबली तेव्हा जागी झाली. बराच वेळ बाहेर पाहत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारले,

‘सर, पुढच्या वर्षी माझं वय बसेल ना?’

मी जन्मतारीख विचारली आणि तिच्यासमोर बोटांवर मोजून सांगितले, ‘बसतं.’